छातीचं माप

२ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. मामीला वेगळा आणि मोठा नमस्कार, नाहीतर मागच्यासारखी म्हणेल, "मला काय पत्राच्या शेपटाला बांधलंस?"

बातमी अशी की तुझी भाची साहेब झाली. एका दिवसापुरती, पण झाली. बारा मार्चच्या मतदानाला मला केंद्राध्यक्ष नेमलंय, आणि केंद्र कुठलं म्हणशील तर तुझ्या दुकानासमोरची शाळा! माझा मामा तिथला मतदार आहे, हे मी आपणहून वरच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मामा उमेदवार आहेत का?" म्हटलं, नाही, शिंपी आहेत. "मग जा," म्हणाले. संपलं.

फोनच करणार होते. पण तुझा फोन दुकानात, भर गिऱ्हाइकांत, आणि तू त्यावर "हो, बरं, ठेवू का" याच्यापुढे कधी गेलेला नाहीस. म्हणून कागद.

आता कामाचं. तुमच्या केंद्राची गेल्या वेळची फाइल मी वाचली. मतदार नऊशे चाळीस, मत दिलं दोनशे बारा जणांनी. बायका किती? एकतीस. आणि खाली शेरा काय, तर "मतदान अत्यंत शांततेत पार पडले." मामा, एवढी शांतता माझ्या वाचनालयातसुद्धा नसते, आणि तिथे मी स्वतः खेकसायला बसलेली असते. साथ होती का गावात? की झालं काय?

या वेळी जो येईल त्याला कोणी अडवायचं नाही, दटावायचं नाही, हे माझं काम. तू दोन कामं कर. नियम असा की मतदानाच्या खोलीपासून शंभर मीटरच्या आत कोणत्याही उमेदवाराच्या माणसांनी थांबायचं नाही. तिथे रस्त्यावर एक पांढरी रेघ मारलेली आहे म्हणतात, ती खरंच शंभरावर आहे का बघ. माप घेण्यात तुझा हात कोण धरणार! आणि दुसरं, सकाळी सातला पहिलं मत तुझं. गेल्या वेळी छाती काढून गेलास आणि शाईचं बोट आठवडाभर दाखवत फिरलास, ते मी इथे सगळ्यांना सांगितलंय.

तुझी,
भाची (साहेब)


७ फेब्रुवारी

चि. भाचीस,

पत्र पोचलं. अभिनंदन. पण माझं ऐकशील तर ताप आलाय असं कळवून टाक. तापाला कोणी नाही म्हणत नाही.

मापाचं म्हणशील, तर माझी टेप साठ इंचांची. शंभर मीटर म्हणजे सहासष्ट वेळा रस्त्यात वाकायचं. माझ्या गुडघ्याचं तुला माहीत आहे. शिवाय हल्ली डोळ्यांना लांबचं दिसत नाही, आणि कमरेत उसण भरलीय.

साथ वगैरे काही नव्हती. लोकांना वेळ नसतो. ठेकेदारसाहेब दर वेळी उभे असतात ना, फाटकाशी त्यांची माणसं खुर्च्या टाकून बसलेली असतात, वहीत कोण आलं गेलं ते लिहून घेतात. चांगली माणसं आहेत. विचारपूस करतात. त्यात वावगं काही नाही, असं मी स्पष्ट लिहितो.

पहिल्या मताचं तेवढं धरून चालू नकोस. सकाळी गुडघा आखडतो.

मामी बरी आहे.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

एका पत्रात तीन दुखणी! तू पत्र लिहिलंस की दवाखान्याचा केसपेपर?

आणि "चांगली माणसं, विचारपूस करतात" हे काय? फाटकावर बसून वहीत नावं लिहितात त्याला विचारपूस म्हणतात होय? मी हसून सोडून दिलं असतं, पण काल तुमच्या शाळेतल्या बाई वाचनालयात आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की ठेकेदारानं मतदानाच्या दिवसासाठी आपल्या माणसांचे बावीस शर्ट शिवायला टाकलेत, सगळे एका रंगाचे, म्हणजे लांबूनच बघून लोकांची पाचावर धारण बसावी. कोणाकडे टाकलेत म्हटलं, तर तुझ्याकडे.

मला खोटं वाटलं. मी त्या बाईंशी भांडलेसुद्धा. मग तुझं पत्र परत वाचलं आणि डोक्यात उजेड पडला. तू त्यांचाच झालास, मामा? ज्या केंद्रावर तुझी भाची बसणार, तिथे लोकांना घाबरवणाऱ्यांचे कपडे तू शिवणार? तसं असेल तर स्पष्ट सांग. मग मी गुडघा, डोळे, कंबर काही विचारणार नाही.

भाची


१६ फेब्रुवारी

बाळा,

हे पत्र मी लिहितेय, मामी. तुझं पत्र वाचल्यापासून हे जेवले नाहीत धड. मशीनवर बसतात आणि पायच मारत नाहीत. म्हणून त्यांच्या चोरून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

तुझा मामा गेल्या वेळी मत द्यायला गेलाच नाही. म्हणजे गेला, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. फाटकाशी तो मिश्यावाला बसला होता, ठेकेदाराचा उजवा हात. त्यानं उठून यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाला, "मास्तर, दुकान सगळं लाकडी ना हो तुमचं? जपत जा." एवढंच. हे तिथूनच वळले.

घरी आले ते बोटाला शाई लावून. मी म्हटलं, वा! पण ती शाई कापडावर खूण करायची, दुकानातली. सरकारी शाई साबणानं जाते का कधी? यांची दुसऱ्या सकाळी माझ्या उशीच्या अभ्र्यावर उतरली होती. मी अभ्रा धुतला आणि गप्प बसले. मग हे रोज सकाळी दुकानात जाऊन नव्यानं लावायचे. आठवडाभर! तुझ्यापुढे मिरवलं ते तेच बोट.

मी तरी कुठली शूर? मी पोटात दुखतंय म्हणून घरीच राहिले होते. आमच्या गल्लीत त्या दिवशी सगळ्याच बायकांच्या पोटात दुखत होतं.

शर्टांना नाही म्हणता आलं नाही त्यांना. दुकान लाकडी आहे, बाळा. त्यांना टाकून बोलू नकोस. आणि मी लिहिल्याचं कळू देऊ नकोस.

मामी


२० फेब्रुवारी

मामा,

माझं चुकलं. फार चुकलं. कान धरले असं समज.

मी काहीही ऐकलेलं नाही, कोणाचंही पत्र मला आलेलं नाही, आणि उशीच्या अभ्र्याबद्दल तर मला काडीची माहिती नाही. सहज सुचलं की आपण माणसाला फार घाईनं बोलतो.

पहिल्या मताचं सोडून दे. दुपारी ये, संध्याकाळी ये. नाही आलास तरी तू माझा मामाच आहेस. मी शाळेत होते तेव्हा वर्गाची पायरी चढायला रडायचे, तर तू दुकान बंद करून फाटकाशी तासभर उभा राहायचास. तेव्हा "एवढी मोठी घोडी झालीस, घाबरतेस काय" असं एकदाही म्हणाला नाहीस. आणि मी मात्र तुला म्हणाले.

मी काय करणार आहे ते सांगते, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. लांब टेप ऑफिसातून घेऊन येतेय. आदल्या दिवशी खोलीच्या दारापासून मी स्वतः मोजणार. दोन पोलीस मागितलेत, मिळालेत. आत जायचं फाटक एक आणि बाहेर पडायचं मागचं दुसरं. कोणाच्या वहीत कोणाचं नाव गेलं तरी मत कोणाला दिलं हे त्याच्या बापालाही कळणार नाही, हे मी रांगेतल्या प्रत्येकाला सांगणार. रेघेच्या बाहेर बसून ते रोखून बघत बसले, तर मात्र मला काही करता येत नाही. बघण्यावर नियम नाही.

शर्ट शिव बापडा. नीट शिव.

तुझी भाची


२६ फेब्रुवारी

केंद्राध्यक्षबाई,

तुझ्या पोटात तीळ भिजत नाही. अभ्र्याचं वाचलं आणि मान वर करून मामीकडे बघितलं, तर ती लगबगीनं मागच्या दारी गेली. असो. एका परीनं बरं झालं. पाच वर्षं ते बोट मला सलत होतं. तुला मिरवून दाखवलं त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. मी घाबरलो होतो, बाळ. दुसरं काही कारण नव्हतं.

आता एक गंमत ऐक. कोणाला सांगू नकोस, पण हसल्याशिवाय राहवणार नाही.

बावीस जण माप द्यायला आले. आमच्या धंद्यात छातीला टेप लावली की म्हणायचं, "श्वास सोडा." आणि पोटाला लावली की, "सैल सोडा." पहिला आला मिश्यावाला. टेप लावली, म्हटलं, श्वास सोडा. तो कुठला सोडतोय! मागे एकवीस जण बघताहेत ना. छाती अशी फुगवली की खांदे कानाला लागले, आणि पोट आत ओढलं ते पाठीला. मी म्हटलं, "साहेब, असं माप घेतलं तर बसताना अडचण होईल." तर डोळे वटारून म्हणतो, "आम्ही असेच आहोत." मग पुढचा त्याच्याहून फुगला. तिसरा त्याच्याहून. एकाला तर मी मुद्दाम माप लिहायला वेळ लावला, म्हटलं किती वेळ धरतो बघू. लालबुंद झाला. मिश्यावाल्यालासुद्धा नंतर भोवळ आली आणि मामीनं पाणी दिलं.

टेप छातीला लावली की आतलं काळीज कळतं बोटांना. सगळ्यांचं धडधडत होतं. माझ्यासारखंच. त्यांना कशाची भीती, तर शेजारच्यापेक्षा अर्धा इंच कमी भरू याची.

मी ठेकेदारसाहेबांना रीतसर विचारलं की मापात थोडा फरक करू का, अनुभवानं सांगतो, शर्ट अंगात बसणार नाहीत. ते म्हणाले, "दिलंय तसं शिव, आपली अक्कल पाजळू नकोस." बरं म्हटलं. वहीत प्रत्येकाच्या मापापुढे त्याची सही घेतली. आता दिलंय तसं शिवतोय. वांगी रंगाचं कापड आहे. शिलाईत उणं काढायला जागा ठेवणार नाही.

डोक्यातली भीती बरीचशी गेली म्हण. गुडघ्यात थोडी आहे अजून. म्हणून माझी वाट बघू नकोस.

मामा


१३ मार्च

मामा,

काल दिवसभर तू माझ्यापासून तीस पावलांवर दुकानात आणि मी तुझ्याकडे मान वर करून बघू शकत नव्हते. खुर्चीवर असताना मला मामा नाही. म्हणून आज घरी येऊन पहिलं काम हे पत्र.

परवा मोजलं. ती पांढरी रेघ किती मीटरवर होती माहीत आहे? अडतीस! शाळेच्या मागच्या भिंतीपासून मोजली म्हणे कोणीतरी. कोणी ते विचारू नकोस. मी खोलीच्या दारापासून शंभर मीटरवर नवी रेघ मारली, ती थेट पिठाच्या गिरणीपुढे गेली. काल सकाळी मिश्यावाला आला आणि खुर्च्या जुन्या जागी टाकायला लागला. म्हणाला, "बाई, वर्षानुवर्षं आम्ही इथेच बसतो." मी वाचनालयातला आवाज काढला. "खुर्च्या रेघेच्या पलीकडे. आणि हळू बोला." मामा, तो खरंच हळू बोलायला लागला! पोलीस बघतच राहिले.

पण खरं सांगते, पहिल्या तासात सातच मतं पडली. खुर्च्या लांब गेल्या तरी बावीस वांगी शर्ट रस्त्यावर ओळीनं उभे, छात्या फुगवून, आणि मधे वही. गल्लीतल्या खिडक्यांत माणसं दिसत होती, पडदे हलत होते, खाली कोणी उतरेना. मला वाटलं, झालं, याही वेळी "अत्यंत शांततेत."

माणूस उभा तरी किती राहणार? आठच्या सुमाराला एकेक जण खुर्चीत टेकला. टेकल्यावर श्वास सुटलाच. छातीवर कापडाचा हा एवढा झोळ, आणि पोटावर बटणं अशी ताणलेली की मधून बनियन डोकावतंय. एकाचं बटण सुटून वही लिहिणाऱ्याच्या कपाळावर बसलं. आणि नेमकी तेव्हाच तुमच्या गल्लीतली म्हातारी सुईण काठी टेकत आली. मिश्यावाल्यासमोर थांबली, खालून वर निरखून बघितलं आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, याला तर मीच बाहेर काढला! तेव्हाही दुपटं असंच सैल झालं होतं मेल्याला. खातोस का नाही रे?"

पहिलं हसू वरच्या खिडकीतून आलं, कोणाचं ते कळलं नाही. मग समोरच्या. मग सगळी गल्लीच. ते बिचारे परत उभे राहिले, परत छाती फुगवली, पण ज्याला एकदा हसलं त्याला परत घाबरायचं कसं? दहाच्या आत निम्मे घरी गेले कपडे बदलायला. परत आले ते आपापल्या शर्टात, आणि आता ते दूधवाल्याचा जावई, गिरणीवाल्याचा भाऊ, असे साधे कोणीतरी दिसत होते. रांगेतल्या बायका त्यांना नावानं हाका मारून घरच्यांची चौकशी करत होत्या. वही कुठे गेली ते कळलं नाही.

सहाशे सत्त्याऐंशी मतं पडली, मामा. बायका तीनशे दहा. गल्लीत काल कोणाच्या पोटात दुखलं नाही.

आणि साडेतीनला तू आलास. पुढे मामी, मागे तू. मी तुला "आपलं नाव?" विचारलं, अगदी परक्यासारखं. तू नाव सांगितलंस, वडिलांचंही सांगितलंस, म्हणजे जशी काही मी माझ्या आजोबांना ओळखत नाही. मग तू आडोशामागे गेलास, आणि बाहेरच येईनास. एक मिनिट. दोन. रांग चुळबुळायला लागली. मामी मागच्या फाटकातून परत वळून बघत होती. मला आत डोकावता येत नाही, हाक मारता येत नाही. चार मिनिटं, मामा! भोवळ आली की काय, असं माझ्या मनात आलं. नियमानं काहीच करता येत नव्हतं म्हणून मी टेबलावरचे कागद उगाच सरळ करत बसले. बाहेर आलास तेव्हा डोळे लाल होते.

काय करत होतास एवढा वेळ?

तुझी भाची


१७ मार्च

बाळ,

आधी तुझी काळजी मिटवतो. ठेकेदार परवा मिश्यावाल्याला घेऊन दुकानात आला, तणतणत. मी सह्यांची वही पुढे केली. त्यानं मिश्यावाल्याची सही वाचली, मग मिश्यावाल्याकडे बघितलं. दुकानात आणखी पाच गिऱ्हाइकं होती आणि पाचही जणांनी तोंडावर रुमाल धरले होते. "दुरुस्त करून दे," एवढंच म्हणून गेला. आता रोज दोघे-तिघे येतात. मी म्हणतो, श्वास सोडा. सोडतात मुकाट्यानं. दुकानाला काही झालं तर बघू, आता गल्ली जागी आहे. गिरणीवाला म्हणाला, रात्रीचा मी लक्ष ठेवतो.

तुला वाटत असेल, मला आत गेल्यावर भीती वाटली. नाही. आत गेलो, मतपत्रिका उलगडली, शिक्का हातात घेतला, आणि माझ्या ध्यानात आलं की मत द्यायचं कोणाला हे मी ठरवलेलंच नाही!

अगं, पाच वर्षं माझ्या डोक्यात एकच की फाटकातून आत कसं जायचं. कोणत्या बाजूनं जायचं, मिश्यावाला उठला तर काय बोलायचं, हात ठेवला तर खांदा कसा काढून घ्यायचा. पुढचा विचार करायची वेळच आली नव्हती. समोर अकरा नावं. सगळी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. एक जण रस्त्याचं म्हणतो, एक पाण्याचं, एकाला मी ओळखतच नाही. मग वळून बघितलं, कोणी बघतंय का. कोणी नव्हतं. तूही नाही, तू मान खाली घालून कागद चाळत होतीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी काही सांगत नव्हतं आणि कोणी बघत नव्हतं. तेव्हा रडू आलं. तुझ्यापासून काय लपवायचं. एवढ्या लहानशा जागेत उभं राहून मी रडलो, मग डोळे पुसले, नीट विचार केला, आणि शिक्का मारला.

मामीनं तिचं मत कोणाला ते शाळेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडता पडताच सांगून टाकलं. मग मला विचारलं. मी म्हटलं, नाही सांगत. जेवताना विचारलं, दिवा मालवल्यावर विचारलं. मी म्हटलं, बाई, गेल्या वेळी तुझ्यापासून लपवलं ते लाजेनं, या वेळचं माझं मलाच ठेवायचंय. तिला ते पटलेलं नाही. तिचं म्हणणं, हा शुद्ध दगा आहे. गेले पाच दिवस घरात अबोला आहे, आणि उद्या ती तुला पत्र लिहून माझ्याकडून काढून घ्यायला सांगणार आहे.

लिहू दे तिला. तू विचारलंस तरी सांगणार नाही.

मामा